दारातला तुकडा

बाई जात्याच भित्र्या. पाण्याच्या कामात सगळी नोकरी घालवलेल्या इंजिनिअरबाईंना भित्री म्हटलं की ऐकणाऱ्याला चेष्टा वाटते. पण त्यांच्या हाताखाली ज्यांनी काम केलंय त्यांना विचारा. मैलापाण्याच्या टाक्या, वाळूच्या गाळण्या, क्लोरीनची सिलिंडरं, जमिनीखालून जाणारे जाडजूड पाइप, हे सगळं त्यांनी उभं केलं ते भीत भीतच. नट आवळला की "पुन्हा बघ". झडप बंद केली की "पुन्हा बघ". म्हणून साइटवरच्या लोकांनी त्यांचं नाव पुन्हाबाई ठेवलं होतं. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की पुन्हाबाई. बाईंच्या कानावर ते आलं होतं, आणि त्यांची काही तक्रार नव्हती. ज्याला पाण्याची भीती वाटत नाही त्याने खुशाल दुसरा धंदा बघावा, असं त्यांचं मत होतं.

आणि अशा बाईंच्या हातून चूक व्हावी, तीही मोजण्यातली, आणि मोजायचं काय तर एक आणि एक दोन! नशीब म्हणा, दुसरं काय.

काम होतं नव्या जलशुद्धीकरण केंद्राचं. तिथून वसाहतीकडे दोन लाइनी निघायच्या. निळी लाइन पिण्याच्या पाण्याची. जांभळी लाइन सांडपाणी शुद्ध करून बागेला, कारंज्याला द्यायच्या पाण्याची. ते जांभळं पाणी दिसायला नितळ असतं हं, काचेच्या भांड्यात धरलं तर कुणी नाक मुरडणार नाही. पण ते झाडांनी प्यायचं, माणसांनी नाही. दोन्ही लाइनी एकाच चरातून सवतींसारख्या शेजारी शेजारी घातलेल्या, आणि एकीचा थेंब दुसरीत जाता कामा नये.

आता निळी लाइन घातली की ती कुठे गळते का हे बघायला पाण्याने भरून दाब द्यावा लागतो. चांगलं पाणी त्या दिवसांत मिळेना. तेव्हा ठरलं की चाचणीपुरतं जांभळीचं पाणी निळीत घ्यायचं, मग निळी धुऊन काढायची, क्लोरीन मारायचं. त्यासाठी दोन ठिकाणी, जमिनीतल्या दोन चेंबरमध्ये, दोन्ही लाइनींना जोडणारा हातभर लांबीचा पाइपचा तुकडा आणि त्याच्यालगत एक झडप बसवली. काम झालं की तुकडा काढायचा आणि दोन्ही तोंडांवर पोलादी झाकणं ठोकायची.

तुकडा निघाला हे कसं कळायचं? बाईंची एक पद्धत होती, पहिल्या नोकरीपासूनची. "काढला" म्हणून फोनवर सांगायचं नाही, कागदावर लिहायचं नाही. काढलेला तुकडा उचलून बाईंच्या ऑफिसच्या दारात आणून टाकायचा, अगदी उंबऱ्याला लागून, येता-जाता पायाला लागेल असा. तुकडा दारात आला म्हणजे काम झालं. लोक हसायचे, पण आणून टाकायचे.

पहिला तुकडा आला. बाईंच्या अंगठ्याला सणकून लागला. त्या कळवळल्या आणि समाधानाने म्हणाल्या, एक झाला. तो शेडमागे नेऊन टाकायला लावला. मध्ये आठवडाभर गेला. एका सकाळी पुन्हा दारात तुकडा, पुन्हा अंगठा. बाई पाय धरून एका पायावर नाचल्या आणि म्हणाल्या, चला, दोन झाले. त्यांच्या डोक्यातून तो विषय गेला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन आला. लेक त्याच वसाहतीत राहायची, बागेच्या मागच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. जावई कामासाठी परगावी. घरात लेक आणि तिचं बाळ. बाळ इतकं नवं की अजून त्याला सगळे नुसतं बाळच म्हणत होते. लेकीचं दूध पुरत नव्हतं, म्हणून वरचं पावडरचं दूध चालू होतं.

"आई, पाण्याच्या कॅनवाल्याला आजपासून नको म्हणून सांगितलं," लेक म्हणाली.

"अगं, घाई काय आहे? दोन दिवस थांब."

"का? पाणी तुझंच ना? मग?" लेक हसली. "आणि ते भोंगे जरा कमी ठेवायला सांग. खिडकीसमोरच लावलेत मेल्यांनी. बाळ रात्रभर जागलंय, आता कुठे डोळा लागलाय."

'पाणी तुझंच ना' हे ऐकून बाईंना बरं वाटलं. फार बरं वाटलं. कारण ही लेक लहानपणापासून त्याच पाण्यावर रुसलेली. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती, तेव्हा आई कुठे होती? फुटलेल्या मेन पाइपवर. टॉन्सिल काढले तेव्हा आई कुठे होती? मैल्याच्या टाकीत पंप अडकला होता तिथे. "माझ्या आईला दोन मुली, मी आणि टाकी," असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि मैत्रिणी खिदळायच्या. आज पहिल्यांदा तिने आईचं पाणी आपलं म्हटलं होतं.

समारंभ बागेतच होता. फरशीवर लाल गालिचा, त्यावर सोफे, वर मांडव. प्रमुख पाहुण्यांनी फिरवायचं चाक फुलांनी मढवलेलं. ते फिरवलं की केंद्रावरचा माणूस खुणेने निळीची झडप उघडणार आणि त्याच वेळी पलीकडचं कारंजं उडणार. कारंज्याला पाणी जांभळीचं, उंच टाकीवरून आपल्या वजनानेच खाली येणारं. वसाहतीच्या गल्ल्यागल्ल्यांत खांबांवर भोंगे लावलेले, घरबसल्या सगळ्यांना भाषणं ऐकू यावीत म्हणून. कुणाला ऐकायची होती देव जाणे.

बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. भाषणाचं त्यांना भारी भय. थोरले साहेब, म्हणजे त्यांचे वरिष्ठ, माइकवर बोलत होते आणि त्यात बाईंचं कौतुकही दोन वाक्यांत उरकत होते. बाईंचं लक्ष पायऱ्यांशी ठेवलेल्या कुंडीकडे गेलं. कुंडी कसली, तो आपला पाइपचा तुकडा होता! उभा करून, पांढरा रंग मारून, त्यात झेंडू लावलेला. फुलांतून एक बोटाएवढी नळी बाहेर डोकावत होती. दाब मोजायचं घड्याळ लावायला वेल्ड केलेली नळी. म्हणजे हा पहिल्या चेंबरचा तुकडा. घड्याळ फक्त त्याच्यावरच होतं.

बाईंना गंमत वाटली. शेजारी उभ्या असलेल्या माळ्याला त्या हळूच म्हणाल्या, "छान केलंस रे. आणि दुसऱ्यात काय लावलंस?"

"दुसरा कुठला मॅडम?"

"अरे, दोन होते ना. शेडमागे."

"छे! एकच होता. मीच ओढत आणला ना तो इथवर. जड केवढा! पहिल्या दिवशी तुमच्या दारापर्यंत आणला आणि दम लागला, म्हणून तिथेच ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली." माळी कौतुकाच्या अपेक्षेने हसला.

बाईंना आधी काही कळलंच नाही. मग कळलं. अंगठ्याला दोनदा लागलं होतं, पण तुकडा एकच होता. त्यांनी एकच तुकडा दोनदा मोजला होता.

दुसरा तुकडा अजून चेंबरमध्येच होता, निळी आणि जांभळी एकमेकींना जोडलेल्या. त्याच्यालगतची झडप तरी बंद असेल का? असेल, असेल. नसेल तर? चाचणीनंतर झडप कोण बंद करतंय, तुकडाच काढायचा म्हटल्यावर! बाई उठायला गेल्या आणि तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी चाक फिरवलं होतं.

कारंजं उडालं. काय सुंदर उडालं! झाडांच्या वर गेलं, उन्हात चमकलं, पोरं ओरडली. बाई त्या पाण्याकडे टक लावून बघत राहिल्या. समोरच्या घराघरांत आत्ता नळ उघडले जात होते. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की निळीतला दाब उतरणार. आणि निळीतला दाब उतरला, आणि झडप उघडी असली, तर...

कारंजं बसायला लागलं. झाडांच्या खाली आलं. अर्ध्यावर आलं. मग माणसाच्या उंचीवर येऊन नुसतं बुडबुडत राहिलं.

"दाब कमी पडला वाटतं," कुणीतरी म्हणालं. पाहुणे हसले. वाजंत्री वाजतच होती. त्या सगळ्या गर्दीत एकट्या बाईंनाच माहीत होतं की कारंज्याचं पाणी कुठे गेलं. ते निळीत चाललं होतं, आणि तिथून घराघरांतल्या नळात.

त्या धावतच थोरल्या साहेबांपाशी गेल्या. "साहेब, दुसरा तुकडा निघालेला नाही. जांभळीचं पाणी निळीत जातंय."

साहेब फोटोसाठी हसत होते. ओठ न हलवता म्हणाले, "आत्ता? फोटो चाललेत, बाई."

"साहेब, लोक पिताहेत!"

शेजारी कंत्राटदार उभा होता. त्याला सगळे घाईशेठ म्हणायचे, का ते सांगायला नको. तो म्हणाला, "मॅडम, मामाने काढलाय तो. मी सांगतो ना."

"तुम्ही बघितला?"

"त्यात बघायचं काय?"

मामा म्हणजे फिटर. तो बिचारा मागे हार सांभाळत उभा होता. त्याचा चेहरा पडला. "शेठ, तुम्हीच म्हणालात ना, फरशी बसली आहे, आता फोडू नको, समारंभ झाल्यावर काढू? मला वाटलं मॅडमना सांगितलं असेल."

"आणि मला वाटलं तू सांगशील," घाईशेठ म्हणाला. घ्या! दोघांना वाटलं, आणि बाईंनी मोजलं.

साहेबांचं हसू आता मात्र उतरलं. त्यांनी खिशातून फोन काढला. "मेन बंद करायला सांगतो. केंद्रावरून निळीच बंद."

"नाही!" बाई इतक्या जोराने ओरडल्या की पुढच्या रांगेने माना वळवल्या. "निळी बंद केलीत तर तिच्यात दाबच राहणार नाही. मग नळातून नुसतं जांभळीचंच येईल, सगळं! आत्ता निदान मिसळून येतंय. निळी वाहू दे. आधी चेंबर उघडायचं आणि त्यातली झडप बंद करायची."

"चेंबर कुठे आहे?"

बाईंनी खाली बोट दाखवलं. पाहुणे ज्या सोफ्यावर बसले होते त्याच्याखाली, लाल गालिच्याखाली.

त्याच क्षणी बाईंनी लेकीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. उचलला नाही. बाळ झोपलं की ती फोनचा आवाज बंद ठेवते, हे बाईंना माहीत होतं. मागच्या इमारतीकडे त्यांनी बघितलं. पहिल्या मजल्यावरच्या दोन्ही खिडक्या घट्ट लावलेल्या. भोंग्यांचा आवाज नको म्हणून लावलेल्या. त्यांनी माळ्याचा दंड धरला. "ती खिडकी दिसते? माझी लेक राहते तिथे. पळ. सांग नळाचं पाणी बाळाला देऊ नको. पळ!"

माळी पळाला. आणि बाई माइककडे गेल्या.

कुणी सांगितलं असतं तरी त्या एरवी माइकजवळ फिरकल्या नसत्या. आधी त्यांच्या तोंडून नुसती हवाच आली आणि ती फुस्स अशी सगळ्या वसाहतीत ऐकू गेली. मग आवाज फुटला.

"पाणी पिऊ नका. नळाचं पाणी पिऊ नका. सगळे नळ बंद करा, आत्ताच्या आत्ता. भरलेलं पाणी ओतून द्या. मी या कामाची इंजिनिअर बोलतेय. पाण्यात सांडपाणी मिसळलंय. चूक आमची आहे. नळ बंद करा."

वाजंत्री थांबली. कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी दिली, एका बाईने हातातला पेला तिथेच फेकला. पाहुण्यांभोवतीची माणसं त्यांना उठवून गाडीकडे न्यायला लागली. "उठा हो, सोफा हवाय!" मामा ओरडला, आणि एवढ्या मोठ्या माणसाला कुणी असं बोलल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. सोफा ओढला, गालिचा फाडला. खाली नवी कोरी फरशी. चेंबरचं झाकण त्या फरशीखाली गाडलेलं. घाईशेठ स्वतः पहार घेऊन फोडायला बसला, घामाने डबडबला. एवढं मात्र त्याने केलं.

तेवढ्यात माळी परत आला. एकटाच.

"सांगितलंस?"

"बेल वाजतच नाही मॅडम. बंद केली असेल. मग दार वाजवलं."

"मग?"

"हळूच वाजवलं. बाळंतिणीचं घर, झोपली असेल, म्हणून..."

बाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ती खिडकी समोर होती. पळत गेलं तर दोन मिनिटांत दारात. दार फोडलं असतं त्यांनी. पायही तिकडे वळले.

आणि मागून त्यांना साहेबांचा आवाज ऐकू आला. साहेब फोनवर केंद्राशी बोलत होते. "वरून दबाव येतोय, मी सांगतो म्हणून बंद करा. मेन बंद. जबाबदारी माझी."

बाई उलट्या फिरल्या. साहेबांच्या हातातून त्यांनी फोन अक्षरशः हिसकावला. "मी बोलतेय. निळीला हात लावायचा नाही. ऐकलंस? कुणीही सांगितलं तरी. मी चेंबरवर उभी आहे, मी सांगेपर्यंत नाही." पलीकडच्या माणसाला त्यांचा आवाज ओळखीचा होता. तो "बरं मॅडम" म्हणाला. बाई तो फोन छातीशी धरून चेंबरच्या कडेला उभ्या राहिल्या. त्या हलल्या असत्या तर साहेबांनी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तेच सांगितलं असतं. साहेब वाईट नव्हते. घाबरले होते. घाबरलेला माणूस मेन बंद करायला धावतो, आणि तेच करायचं नसतं, हे शंभर जणांत एकट्या बाईंनाच माहीत होतं.

बाई त्या खिडकीकडे बघत होत्या आणि हलत नव्हत्या. आयुष्यात त्यांना इतकी भीती कधी वाटली नव्हती. मनात एकच घोकणं चालू होतं, झोपलेलं असू दे, बाळ झोपलेलं असू दे. लेकीला पुन्हा फोन लावायचं सुचलं नाही. खरंच सुचलं नाही.

झाकण निघालं. मामा पाना घेऊन आत उतरला. खालून त्याचा आवाज आला, "पुरी उघडी आहे!" मग दातओठ खाल्ल्याचा आवाज, पान्याचा लोखंडावर घसरल्याचा आवाज. पलीकडे कारंजं हळूहळू वर चढायला लागलं. गुडघ्याएवढं, कमरेएवढं, डोक्याएवढं, आणि एकदम झाडांच्या वर गेलं.

"बंद झाली!" मामा ओरडला. आता जांभळीचं पाणी निळीत शिरायचं थांबलं. बाईंनी फोन साहेबांच्या हातात कोंबला आणि त्या पळत सुटल्या.

दार त्यांनी दोन्ही मुठींनी बडवलं. लेकीने उघडलं, ओठांवर बोट ठेवून. आत पंखा इतका घरघरत होता की भोंग्यातलं काही कळलंच नसावं. "आई, अगं हळू! आत्ता कुठे..." बाळ तिच्या खांद्यावर होतं, पोट भरल्यासारखं सुस्तावलेलं. दुसऱ्या हातात बाटली होती. बाटली रिकामी होती.

"हे कुठल्या पाण्याने केलंस?"

"नळाच्या. का?"

"उकळलं होतंस ना? उकळून घेतलं होतंस ना गं?"

"नाही. कॅनचं उकळत होते. हे तुझं पाणी, म्हणून नुसतं कोमट केलं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाण्यात नेमकं काय होतं?" आणि ते सांगायचं काम बाईंवर आलं, कारण त्या गावात ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. किती शुद्ध केलेलं, कुठले जंतू मरतात, कुठले राहू शकतात, क्लोरीन किती, मिसळ साधारण किती झाली असेल. त्या सगळं सांगत गेल्या, एकही गोष्ट न लपवता, आणि लेक बाळाला छातीशी धरून ते सगळं ऐकत होती. मधेच एकदा ती म्हणाली, "पुरे." पण डॉक्टरीणबाईंना सगळं हवं होतं.

आत्ता काही करायचं नाही, त्यांनी सांगितलं. लक्ष ठेवायचं. ताप, उलटी, जुलाब, दूध न घेणं, यातलं काहीही दिसलं की तसंच उचलून आणायचं. घरी जाऊन लक्ष ठेवा. किती सोपं आहे म्हणायला!

घरी आल्यावर लेकीने फोन आईसमोर धरला. "तुझा एकच फोन आहे."

"हो."

"एकच, आई."

"मी चेंबरवर होते. ते मेन बंद करायला निघाले होते. मी हलले असते तर सगळ्या वसाहतीत..."

"माहीत आहे. शेजारच्या काकूंनी सांगितलं. तुझ्यामुळे वाचलो म्हणतात सगळे." लेकीने बाळाचं टोपडं नीट केलं. "तू बरोबरच केलंस. तू नेहमी बरोबरच करतेस. पण मी कुणावर रागवू, ते सांग ना मला. टाकीवर?"

माझ्यावरच रागव, एवढंसुद्धा बाईंच्या तोंडून निघालं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. वसाहतीत बऱ्याच जणांची पोटं बिघडली, दोन म्हातारी माणसं दवाखान्यात जाऊन आली, पण सगळे सावरले. चौकशी लागली. साहेबांनी बाईंना घरी बसायला सांगितलं, आणि त्या लेकीच्या घरी बसल्या. लेक त्यांना जेवायला वाढायची, पांघरूण द्यायची, हो-नाही बोलायची. बाळ मात्र त्यांच्या हातात देत नव्हती. मागायची बाईंची छाती नव्हती. त्या आपल्या खुर्चीवर बसून बाळाचं पोट वर-खाली होताना बघायच्या. ते शिंकलं तरी दोघी दचकायच्या. ते जास्त झोपलं तरी भीती, जागं राहिलं तरी भीती. त्यात बाळाने शी करायचंच बंद केलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. आता हे चांगलं की वाईट?

एका सकाळी आतून लेकीची हाक आली. "आई, इकडे ये." आवाज कसा तरी होता. बाई आत धावल्या.

बाळ पलंगावर उताणं, पाय झाडत. खाली लंगोट उघडा. आणि लंगोटात शी.

"बघ," लेक म्हणाली. "तुला कळतं यातलं."

अहो, कळणारच! जन्मभर दुसरं काय केलं त्यांनी? हजारो माणसांच्या मैल्याचा रंग बघून, वास घेऊन टाकीची तब्येत सांगणारी ती बाई. पण असा लंगोट त्यांनी आजवर तपासला नव्हता. त्यांनी चष्मा लावला. वाकल्या. रंग बघितला, पिवळा. आव नाही, रक्ताचा लवलेश नाही. नाक जवळ नेलं, आंबट दुधाचा वास. बोटाने बाजूला सारून बघितलं, पाणी नाही, घट्टपणा बेताचा. आणि बाळाने तेवढ्यात आजीच्या चष्म्यावर धार सोडली.

लेकीच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं. "चांगली आहे?"

"चांगली वाटते."

"नक्की?"

'नक्की' म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. हा शब्द त्यांनी कितीतरी टाक्यांसाठी, कितीतरी गावांसाठी म्हटला होता. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, त्यातून लेक धूसर दिसत होती. तोंडात आलेला शब्द त्यांनी गिळला.

"नक्की नाही सांगता येणार मला," त्या म्हणाल्या. "मी फार भ्यायलेय गं. मला आत्ता काहीही दाखवलंस तरी चांगलंच दिसेल. तू डॉक्टरीणबाईंना दाखव. माझ्यावर जाऊ नकोस."

लेकीचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. "मी पण," ती म्हणाली. "मी पण भ्यायलेय आई."

तिने नाक पुसलं, बाळाला फडक्यात गुंडाळलं आणि आईच्या हातात दिलं. "धर याला. मी त्यांना फोन लावते."

बाईंनी बाळाला घेतलं. हातांचा त्यांना भरवसा वाटेना, म्हणून त्या होत्या तिथेच खाली जमिनीवर बसल्या आणि त्याला मांडीत घेतलं.